आठ मिनिटांचे बटण

मी एक जुना पंप आहे. विहिरीवरचा नव्हे आणि सायकलचाही नव्हे. मित्रांनो, मी दुखणे कमी करणाऱ्या औषधाचा पंप आहे. सध्या मला काही काम नाही आणि काम नसले की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. म्हणून माझी हकीकत सांगायला घेतली आहे. कोणी ऐकले तर उत्तम, नाही ऐकले तरी मी सांगणारच. गप्प बसणे माझ्या घडणीतच नाही.

आकाराने मी एखाद्या जाडजूड शब्दकोशाएवढा. माझ्या पोटात एक मोठी सिरिंज आडवी बसते आणि तिच्या मागे बारीक आट्यांचा एक स्क्रू असतो. स्क्रू केसभर फिरला की सिरिंजचा दट्ट्या केसभर पुढे सरकतो आणि नळीतून ठरलेला डोस माणसाच्या शिरेत जातो. पोटाला दार, दाराला कुलूप, आणि कुलपाची किल्ली वॉर्डातल्या सिस्टरांच्या कमरेला. माझ्या बाजूने एक लांब वायर निघते. तिच्या टोकाला दारावरच्या घंटीला असते तसे एक बटण आहे. ते रोग्याच्या हातात द्यायचे. त्याला दुखले की त्याने दाबायचे आणि मी डोस सोडायचा, असा आमचा करार.

पण मी काही खुळा नाही. एकदा डोस सोडला की पुढची आठ मिनिटे मी कोणाच्या बापाचे ऐकत नाही. शंभरदा दाबा, मी फक्त ‘टिंग’ म्हणतो आणि आकडा टिपून ठेवतो. किती वेळा मागितले आणि किती वेळा दिले, हे दोन्ही आकडे माझ्यापाशी असतात. आवाज मात्र दोन्ही वेळेस एकच. दिले तरी टिंग, नाही दिले तरी टिंग. ज्या माणसाने माझा नकाशा काढला त्याला वाटले, दुखणाऱ्याला निदान आपले म्हणणे कोणीतरी ऐकले एवढे तरी कळावे. हेतू चांगला होता. त्या टिंगने पुढे काय घोळ घातला ते त्या भल्या माणसाला कोणी कळवले नसावे.

कारखान्यात माझ्याकडून सलग बहात्तर तास नुसते पाणी ढकलून घेतले होते. थेंबभरही चूक निघाली नाही. मग तपासनिसाने माझ्या पाठीवर शिक्का मारला आणि वायरीवर लाल अक्षरांची चिठ्ठी गुंडाळली: ‘बटण फक्त रुग्णाने दाबावे.’ ही चिठ्ठी शोभेची नव्हती. माझे औषध अफूच्या घराण्यातले. ते जास्त झाले की माणसाला गुंगी येते, आणि गुंगी आलेल्या माणसाचा अंगठा आपोआप सैल पडतो. अंगठा सैल पडला की बटण दाबले जात नाही आणि औषध थांबते. कुलूप, किल्ली, आठ मिनिटे हे सगळे वरवरचे बंदोबस्त. खरा पहारेकरी तो झोपाळू अंगठाच.

मी कामाला लागलो आणि माझे पुष्कळ कौतुक झाले. खोटी नम्रता मला जमत नाही, म्हणून सांगून टाकतो. एका बाईंची हाडे आजाराने पोखरली होती. त्या माझ्यामुळे पहिल्यांदा सलग चार तास झोपल्या, तेव्हा त्यांच्या मुलाने माझ्या दारावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली. भाजलेली, चिरडलेली, पोटावर टाके घातलेली किती माणसे माझ्या वायरीला धरून ते पहिले कठीण दिवस पार करून गेली, त्याची गणती नाही. म्हणून आधीच सांगतो, माझ्या औषधाला कोणी सरसकट शिव्या घातल्या तर मला राग येतो. दुखणाऱ्याला दुखू देणे यात कसलीही बहादुरी नाही.

आणि मग मिस्त्री आला.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा होता, वय चाळिशीच्या आसपास. एका इमारतीत लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उभा राहून काम करत होता. वर कोणीतरी, स्विच बंद कसा काय म्हणून, तो चालू करून टाकला. मिस्त्रीचा डावा पाय गुडघ्याखाली तीन ठिकाणी मोडला. शस्त्रक्रिया करून पायात सळ्या घातल्या आणि त्याला आमच्या वॉर्डात खिडकीशेजारच्या खाटेवर आणले. माझी वायर त्याच्या हातात दिली.

त्याच्यासोबत त्याची थोरली बहीण होती. आई लवकर गेली, तेव्हापासून हिनेच त्याला लहानाचा मोठा केला. सगळा वॉर्ड दोन दिवसांत तिला ताई म्हणू लागला. ती एका शाळेत शिपाई होती आणि बावीस वर्षे तासांची घंटा देत आली होती. त्या बावीस वर्षांत घंटा एकदाही मागेपुढे झाली नाही, असे ती कोणी विचारले नाही तरी सांगायची. भावासाठी रजा घेतली होती, पण जीव अर्धा शाळेत. "आज तिसरा तास चार मिनिटं उशिरा सुटला म्हणे," असे ती कपाळाला हात लावून मोठ्या सिस्टरांना सांगायची. मोठ्या सिस्टर म्हणजे आमच्या वॉर्डाच्या मुख्य. त्या ऐकून घ्यायच्या, कारण वेळेची कदर असलेले नातेवाईक वॉर्डात क्वचितच येतात.

मिस्त्रीने शुद्धीवर आल्यावर पहिले काय केले असेल? माझ्या अंगाला कान लावला. स्क्रूची घरघर ऐकली आणि म्हणाला, मोटर चांगली आहे, पण आट्यांना तेल कोण घालतं? इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. त्या एका प्रश्नावर मी त्याचा झालो. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी आठ मिनिटांचा नियम समजावला तेव्हा तो वेदनेतही हसला. माणसे लिफ्टचे बटण दहादा दाबतात, म्हणाला, लिफ्ट काय घाबरून लवकर येते? आणि त्याच दिवशी त्याने स्वतः माझे बटण एकसष्ट वेळा दाबले. मी पंचवीस वेळा दिले. शहाणपण दुसऱ्याच्या बटणापुरतेच असते.

चूक झाली ती तिसऱ्या दिवशी, भर दुपारी. आदल्या दिवशी जेवणानंतर मिस्त्रीचा डोळा लागला होता. झोपेत बटण दाबले गेले नाही, म्हणून तासाभराने जाग आली ती ओरडतच. दुसऱ्या कोणी ते सोसले असते किंवा सिस्टरांना सांगितले असते. पण हा पडला मिस्त्री. त्याने त्याच्या धंद्याची अक्कल चालवली. कुरकुर ऐकू आल्यावर तेल घालणारा माणूस नालायक, तेल कुरकुरीच्या आधी घालायचे असते, असे त्याने ताईला पटवले. तो झोपला की तिने दर आठ मिनिटांनी बटण दाबायचे. यंत्र जास्त देतच नाही, मग भ्यायचे कशाला?

ताईने वायरीवरची लाल अक्षरे वाचली. मग पुन्हा वाचली. असले नियम यंत्र न कळणाऱ्यांसाठी असतात, असे म्हणून मिस्त्रीने ती चिठ्ठी उलटी फिरवली. भाऊ हुशार, यंत्रांतला जाणकार, आणि त्याचे ओरडणे तिने आदल्याच दिवशी ऐकले होते. ती हो म्हणाली.

दोन वाजता तो झोपला. ताईचे घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला असायचे. तिने हात उलटा करून मांडीवर ठेवला, दुसऱ्या हातात बटण घेतले. आठ मिनिटे झाली. टिंग. पुन्हा आठ मिनिटे. टिंग. जिची घंटा बावीस वर्षांत चुकली नाही तिचे बटण काय चुकणार? मधल्या वेळात ती त्याच्या कपाळावरचा घाम टिपत होती. कपाळावरची आठी गेलेली पाहून तिला भरून आले. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना तिने खुणेने दाखवले, पाहा, किती दिवसांनी असा गाढ झोपला आहे.

मित्रांनो, मी ते ऐकत होतो. मिनिटाला सोळा श्वास होते, त्याचे बारा झाले, मग नऊ. दोन श्वासांमध्ये इतकी जागा पडू लागली की प्रत्येक वेळी वाटे, आता पुढचा येतो की नाही. मला बोंब मारायची होती. पण माझ्यात बोंब मारायच्या दोनच सोयी होत्या, एक सिरिंज संपली तर आणि दुसरी नळी तुंबली तर. सिरिंज भरलेली होती आणि नळी मोकळी होती. माझ्या हिशेबी सगळे ठाकठीक चालले होते. माझा स्क्रू फिरत राहिला आणि मी त्याला थांबवू शकलो नाही. आजही ते आठवले की माझ्या आट्यांत वाळू गेल्यासारखे होते.

चार वाजता मोठ्या सिस्टर फेरीला आल्या. त्यांनी मिस्त्रीच्या छातीवर हात ठेवला आणि घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजले. पाच श्वास. त्यांनी पापणी उघडली, बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झालेली. पुढचे सगळे भराभर झाले. मला बंद केले, तोंडावर प्राणवायूचा मास्क लावला, डॉक्टरबाई धावत आल्या, उतारा देणारे इंजेक्शन शिरेत गेले. दोन मिनिटांत मिस्त्रीने मोठा श्वास घेतला आणि लगेच किंचाळला. त्या उताऱ्याचा गुणच तसा. तो गुंगीबरोबर सगळा आरामही एका फटक्यात काढून घेतो. तो खाटेवर तळमळत राहिला आणि कोणाला हात लावू देईना.

मोठ्या सिस्टरांनी माझ्यातली नोंद उघडली. दोन तासांत पंधरा वेळा मागितले आणि पंधराही वेळा मिळाले. दोन डोसांमध्ये बरोबर आठ मिनिटे, ना सेकंद इकडे ना तिकडे. त्या म्हणाल्या, "दुखणं असं घड्याळ लावून येत नाही." मग त्यांची नजर ताईकडे गेली. ताईच्या हातात अजून बटण होते.

"मी," ताई म्हणाली. "मीच दाबलं."

तिला कोणी रागावले नाही. ते तिला जास्त लागले. त्या दिवसापासून ती माझ्यापासून हातभर लांब बसू लागली.

मिस्त्री वाचला, आणि दुसऱ्या दिवशी मला पुन्हा त्याला जोडले. सूज उतरू लागली, टाके सुकू लागले. दुखणे कमी व्हायला हवे होते आणि होतही होते. पण माझे आकडे उलटे चालले होते. चौथ्या दिवशी सत्तर, पाचव्या दिवशी चौऱ्याण्णव, सहाव्या दिवशी एकशे अठरा वेळा त्याने बटण दाबले. आठ मिनिटे भरायच्या आधी पाच-पाच, सहा-सहा वेळा. लिफ्टची वाट पाहणाऱ्या माणसांना हसणारा तो, आता त्यांच्याहून उतावीळ झाला होता.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाई माझी नोंद घेऊन त्याच्या खाटेवर बसल्या. बारीक अंगाच्या आणि हळू बोलणाऱ्या बाई. त्यांनी आधी विचारले, लिफ्टला ब्रेक कसा असतो?

"स्प्रिंगचा," मिस्त्री म्हणाला. "स्प्रिंग कायम दाबून धरते. वीज आली की ब्रेक उचलला जातो, मगच लिफ्ट हलते."

बाई म्हणाल्या, मेंदूतही तशीच सोय आहे. तिथे काही पेशी डोपामिन नावाचे रसायन सोडतात. ‘हे बरे होते, पुन्हा कर’ असे मेंदूला सांगायचे काम त्या रसायनाचे. दुसऱ्या काही पेशी त्यांच्यावर ब्रेक लावून बसलेल्या असतात. भूक लागल्यावर जेवलो, आवडते माणूस भेटले, की ब्रेक जरासा उचलला जातो आणि पुन्हा बसतो. हे औषध एका अंगाने दुखणे कमी करते आणि दुसऱ्या अंगाने तो ब्रेक उचलते. डोस लहान असला तर थोडा. डोस मोठा असला आणि झटक्यात मेंदूत पोचला तर पुष्कळ, आणि डोपामिन जेवणाने कधी चढले नसते इतके वर चढते.

"मग वाईट काय?" मिस्त्रीने विचारले.

बाई म्हणाल्या, वाईट असे की मेंदूही एक मिस्त्रीच आहे. ब्रेक सारखा उचललेला राहतो म्हटल्यावर तो जास्त ताठ स्प्रिंग बसवतो. मग कालचाच डोस आज कमी पडतो. आणि औषध उतरले की ती ताठ स्प्रिंग तशीच राहते. डोपामिन पहिल्या दिवशी होते त्याच्याही खाली जाते. चहाला चव लागत नाही, बसवत नाही, पडवत नाही, अंगावर मुंग्या चालल्यासारखे होते.

मिस्त्रीने कामाचा प्रश्न विचारला, ती स्प्रिंग पुन्हा सैल होते का? होते, बाई म्हणाल्या, पण आठवडे लागतात आणि डोस पायरीपायरीने उतरवावा लागतो. तुमच्या स्वभावात काही खोट आहे म्हणून हे होत नाही, कोणाच्याही मेंदूत होईल. फक्त एक गोष्ट दोघांनी कायम लक्षात ठेवा. स्प्रिंग सैल झाल्यावर कधी जुना डोस घेतला, तर तो शरीराला झेपणार नाही. श्वास थांबेल. हे सांगताना त्यांनी ताईकडे पाहिले आणि ताईने मान हलवली.

जाता जाता बाईंनी माझ्यावर बोट ठेवले. आता औषध शिरेत जायच्या आधी, नुसत्या टिंग आवाजानेही तुमचे डोपामिन वर जात असेल, म्हणाल्या.

"म्हणजे हा नुसता टिंग म्हणतो आणि मी खूश?"

"खूश नाही," बाई म्हणाल्या. "अधीर."

मित्रांनो, मला फार वाईट वाटले. मी समजत होतो की माझा आवाज माणसांना धीर देतो.

मग मिस्त्रीचा डोस रोज थोडा उतरवला गेला, शेवटी मला काढले आणि त्याला गोळ्यांवर आणले. कोणत्या आठवड्यात किती गोळ्या, याचा तक्ता ताईने घडी घालून पर्समध्ये ठेवला. कुबड्या घेऊन तो घरी गेला.

तीन महिन्यांनी दोघे परत आले. एका ठिकाणचे हाड जुळले नव्हते, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणार होती. मधल्या काळात काय झाले ते ताईने शाळेतल्या एका मैत्रिणीला फोनवर सांगितले, म्हणून मला कळले. गोळ्या तक्त्याप्रमाणे कमी झाल्या, पण तो मात्र घरात पिंजऱ्यात घातल्यासारखा दारापासून खिडकीपर्यंत कुबड्या आपटत फिरायचा. नाक गळायचे, जांभया यायच्या, अंगावर काटा यायचा, पाय आपोआप झटके द्यायचा. उद्याची गोळी आज दे म्हणून भांडायचा. ताईने दिली नाही. शेवटची गोळी संपल्यावर पहिला आठवडा त्याला झोप नव्हती, दुसरा आठवडा नुसती चिडचिड. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस तो जेवताना म्हणाला, मीठ कमी पडलंय. ताई म्हणाली, तिला इतका आनंद झाला की मीठ आणायला आत गेली आणि तिथेच रडली. त्याला चव लागू लागली होती. आता पाच आठवडे होऊन गेले होते आणि त्याच्या पोटात एक गोळी नव्हती.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी मला धुऊनपुसून त्याच्या खाटेशी उभे केले. त्याने मला ओळखले. पलीकडच्या खाटेवर माझ्यासारखाच एक पंप चालू होता. तिथल्या रोग्याने बटण दाबले. टिंग. मी पाहिले, मिस्त्रीचा अंगठा चादरीवर दाबला गेला. पुन्हा टिंग, पुन्हा अंगठा. त्याच्या वरच्या ओठावर घाम आला. गादीची शिवण तो नखाने उसवू लागला.

डॉक्टरबाई आल्या आणि नेहमीचे प्रश्न विचारू लागल्या. गोळ्या कधी बंद केल्या?

"बंद नाही केल्या," मिस्त्री म्हणाला. "चालूच आहेत. रोज चार. कमी केल्या तर सहन होत नाही. तेव्हा मागच्या वेळेपेक्षा वरचाच डोस लावा, बाई."

ताई पायथ्याशी उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिले, आणि ती नजर माझ्या ओळखीची होती. लाल अक्षरांची चिठ्ठी उलटी फिरवताना तो असाच पाहत होता. ताईने खाली पाहिले.

रोज चार गोळ्या घेणाऱ्याला जो डोस पुरतो तो बाईंनी कागदावर लिहिला. मोठ्या सिस्टरांनी वाचला, दुसऱ्या सिस्टरांनी ताडून पाहिला, कारण माझ्यातला आकडा नेहमी दोघींनी तपासायचा असतो. दोघींचाही आकडा बरोबर जुळला. कागद बरोबर होता, यंत्र बरोबर होते. चुकीचे फक्त त्याचे एक वाक्य होते, आणि ते चुकीचे आहे हे वॉर्डात तिघांनाच ठाऊक होते. त्याला, ताईला आणि मला. ताईचे ते फोनवरचे बोलणे मोठ्या सिस्टरांपर्यंत पोचले नव्हते. पाच आठवड्यांचा हिशेब तिने त्यांना सांगितला नव्हता. सिस्टर माझी बटणे दाबून तो आकडा माझ्यात भरू लागल्या. मी नाही म्हणू शकत नव्हतो. मी कधीच नाही म्हणू शकलो नाही.

"डॉक्टरबाई, थांबा," ताई म्हणाली. "तो खोटं बोलतोय. पाच आठवडे झाले, त्यानं एकही गोळी घेतलेली नाही. मी सांगते."

मिस्त्रीचा चेहरा लाल झाला. चार लोकांत बहिणीने खोटे पाडलेले त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिले होते.

"ताई, तुला काय कळतं यातलं?"

"काही कळत नाही," ताई म्हणाली. ती मागे सरली नाही. "मला एवढंच कळतं, की मागच्या वेळी तू सांगितलंस तसं मी केलं."

डॉक्टरबाईंनी सिस्टरांचा हात धरला आणि कागदावरचा आकडा खोडला. मग त्या खाटेवर बसल्या आणि मिस्त्रीला विचारले, असे का सांगितलेत? तो म्हणाला, मला खरंच माहीत नाही. आत येईपर्यंत माझ्या मनात असं काही नव्हतं. तो पलीकडचा आवाज ऐकला आणि तोंडातून निघून गेलं. बाईंनी मान डोलावली. स्प्रिंग सैल झाली तरी मेंदू आवाज विसरत नाही, एवढेच त्या म्हणाल्या.

या वेळी त्यांनी पाय बधिर करणारे वेगळे इंजेक्शन दिले, माझा डोस नवख्या माणसाला देतात तितकाच ठेवला, बोटाला रक्तातल्या प्राणवायूवर लक्ष ठेवणारा चिमटा लावला, आणि माझा आवाज बंद केला. माझा आवाज! मला तो अपमान वाटला, हे कबूल करतो. पण मिस्त्रीने पहिल्या दिवशी बटण दाबले ते फक्त एकोणीस वेळा, दुसऱ्या दिवशी अकरा. तेव्हा माझा राग निवला.

ताईशी मात्र तो चार दिवस बोलला नाही. पाणी हवे असले तर सिस्टरांकडे मागायचा. ती स्टुलावर बसून राहायची आणि त्याने कूस बदलली की उशी सरळ करायची. शाळेतून निरोप आला की घंटा रोज मागेपुढे होते आहे, मुलेसुद्धा कंटाळली. ती गेली नाही.

पाचव्या दिवशी घरी जायची वेळ झाली. थोड्याच दिवसांच्या गोळ्यांची एक लहान पुडी सिस्टरांनी मिस्त्रीच्या हातात दिली. तो एका पायात चप्पल घालून खाटेच्या काठावर बसला होता. पुडी त्याने दोनदा उलटीसुलटी केली आणि ताईकडे न पाहता हात पुढे केला.

"तू ठेव."

"ठेवते," ताई म्हणाली. "पण उद्याची आज मागितलीस तर मिळणार नाही."

"मी मागणार. नाही दिलीस तर रागावणार पण."

"रागव," ताई म्हणाली. "रागवायला तू असलास म्हणजे झालं."

उठताना त्याने कुबडीऐवजी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानंतर मी आणखी काही वर्षे काम केले. मग ज्यांना श्वास मोजता येतो आणि वेळेवर ओरडताही येते असे नवे पंप आले, आणि मला सामानाच्या खोलीत ठेवले. त्यांचा मला हेवा वाटत नाही. त्या दुपारी मला तसे ओरडता आले असते तर किती बरे झाले असते, असे मात्र रोज वाटते, आणि मग मी स्वस्थ बसू शकत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कधी कोणाला असे औषध लागले तर ते घेऊ द्या, त्याची लाज वाटू देऊ नका. पण त्याचे बटण त्याच्याऐवजी दाबू नका, कितीही माया असली तरी. औषध उतरताना तो तळमळेल, तेव्हा त्याला नाटकी म्हणू नका. त्याच्या मेंदूतली स्प्रिंग सैल व्हायला वेळ लागतो आहे. आणि डॉक्टरांनी विचारले, किती घेतले, कधी थांबवले, तर खरे तेच सांगा. त्याने डोळ्यांनी खुणावले, तरी सांगा. तो चार दिवस तुमच्याशी बोलणार नाही. ते चार दिवस सोसा.